विजेच्या यंत्राने ओंडके फोडताना

ओंडक्याची दोन्ही टोकं सरळ कापलेली हवीत. तिरकं टोक दाबाखाली निसटतं. यंत्र सुरू करण्याआधी तेलाच्या टाकीवरचा (यंत्र तेलाच्या दाबावर चालतं) हवा सोडायचा स्क्रू 3-4 फेरे सैल करा. हे हमखास विसरतं आणि कोंडलेल्या हवेच्या दाबाने सील फाटून तेल गळतं. यंत्र हलवताना मात्र तो घट्ट हवा.

दोन्ही हात नियंत्रणांवरच. ओंडका धरायला दुसरं कुणी नको. ओंडका फुटेना, तर 5 सेकंदांपेक्षा जास्त जोर लावून ठेवू नका, तेल तापतं. दट्ट्या (जोर लावणारा दांडा) मागे घ्या, ओंडका 90 अंशांत फिरवा. गाठाळ लाकूड मधोमध फोडायचा हट्ट नको, कडेने ढलप्या काढा. मोटर गुरगुरून बंद पडते? बहुतेकदा दोष लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरचा असतो.