घरच्या भाजीचं बी कसं धरावं

आधी रोप कुठल्या बियाचं आहे ते बघा. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असेल तर बी धरू नका. ते उगवेल, पण फळ मूळ रोपासारखं येईलच असं नाही. गावरान किंवा सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाणच घ्यावा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, ती असंच गावरान बियाणं जपल्याबद्दल.

फळ हंगामाच्या भरातच निवडा. आपल्याकडे उलटं चालतं: चांगली वांगी रश्श्यात जातात आणि शेवटची खुरटी, किडकी बियाला उरतात. निरोगी, भरपूर लागणारं झाड हेरून दोन-तीन फळांना रंगीत दोरा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. नाहीतर कोणीतरी तोडतंच.

वांगं पिवळं पडेपर्यंत, मिरची लालबुंद होईपर्यंत झाडावरच राहू द्या. भेंडी, वाल, घेवडा कडकडीत वाळू द्या. दोडक्यात बी खुळखुळायला हवं. तिखट मिरचीशेजारी ढोबळी असेल तर ढोबळीच्या कळीवर फूल उमलायच्या आधीच मलमलची पिशवी बांधा आणि फळ धरलं की काढा. नाहीतर पुढच्या वर्षीची ढोबळी तिखट निघू शकते. दुधीचं बी धरण्याआधी त्याच वेलाच्या कोवळ्या दुधीचा कच्चा तुकडा जिभेला लावून थुंका. कडू लागला तर बीही नको आणि भाजीही नको, विषबाधा होते.

टोमॅटोला थोडा खटाटोप आहे. पिकलेल्या फळाचं बी गरासकट काचेच्या भांड्यात काढा, जरासं पाणी घाला, फडकं बांधून सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत वर पांढरट साय धरते, आंबूस वास सुटतो. तेच हवं असतं. बियाभोवतीचा बुळबुळीत लेप उगवण रोखतो, तो आंबल्यावर सुटतो. फार दिवस ठेवलं तर मात्र बियाला भांड्यातच मोड येतात. मग पाणी घालून ढवळा: पोचट बी तरंगतं, ते ओतून द्या. तळाचं धुवून ताटलीत पसरा. कागदावर ते चिकटून बसतं.

सगळंच बी सावलीत आठवडाभर वाळवा. भोपळ्याचं बी वाकवल्यावर कट्कन मोडलं पाहिजे, नुसतं वाकलं तर ओल आहे. मग चाळलेल्या कोरड्या राखेत घोळवून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, वर वाण आणि साल लिहा. कांद्याचं बी वर्षभरातच वापरा. टोमॅटो-वांग्याचं तीन-चार वर्षं सहज टिकतं.

पेरणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सात-आठांना मोड आले तर नेहमीसारखं पेरा, पाचच आले तर दुप्पट टाका.