घर भाड्याने देताना: महाराष्ट्रातील घरमालकाच्या जबाबदाऱ्या

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा महाराष्ट्रातील घरमालकांमध्ये खोलवर रुजलेला गैरसमज आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात अल्प मुदतीच्या भाडेपट्ट्यांना सक्तीच्या नोंदणीतून सूट असली, तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याच्या परवानगीचा) करार, त्याची मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकावरच आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय पुढे वाद झाल्यास करारातील अटींविषयी राहणारा जे सांगेल, तेच उलट सिद्ध होईपर्यंत खरे मानले जाते. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. दरमहा २०,००० रुपये भाडे आणि एक लाख रुपये अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारासाठी ते सहाशे रुपयांच्या आतच बसते, त्यामुळे खर्चाची सबब टिकत नाही.

भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर कळवावी. राहणारी व्यक्ती परदेशी नागरिक असेल, तर २४ तासांच्या आत तिची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावी लागते. गृहनिर्माण संस्थेलाही कराराची प्रत द्यावी. संस्था बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः घरात राहत नसल्याबद्दलचे शुल्क) आकारू शकते, परंतु ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये.

कागदपत्रे बहुतेक जण उशिरा का होईना पूर्ण करतात. दुर्लक्ष होते ते घराच्या सुरक्षिततेकडे, आणि तेथे चुकीची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते. सर्वाधिक धोका न्हाणीघरात असतो. गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसवलेला असेल, तर अपुऱ्या हवेमुळे गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि अंघोळ करणारी व्यक्ती धोका कळण्याआधीच बेशुद्ध पडते. म्हणून असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हलवावा, अन्यथा काढून टाकावा. केवळ खिडकी उघडी ठेवण्याची सूचना देऊन भागत नाही. विजेचा गिझर असल्यास अर्थिंग आणि दाब नियंत्रित करणारा सेफ्टी व्हॉल्व्ह परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावा, आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवावा. नुसता एमसीबी (जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास पडणारा स्विच) वायरिंगचे रक्षण करतो, पण विजेचा धक्का बसणाऱ्या माणसाला तो बहुधा वाचवू शकत नाही. शेगडीच्या गॅसची नळी आयएसआय चिन्हाची आहे ना आणि तिची छापलेली मुदत संपलेली नाही ना, हेही पाहावे. खिडक्यांना लोखंडी जाळ्या असतील, तर आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी त्यांतील एक तरी आतून उघडणारी असावी.

दुरुस्तीविषयी भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १४ स्पष्ट आहे: वेगळा करार नसेल, तर घर राहण्यायोग्य ठेवणे घरमालकाला बंधनकारक असते. नोटीस देऊन पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करू शकतो. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात मात्र गळती, वायरिंग आणि गिझर यांची दुरुस्ती कोणी व किती दिवसांत करायची, हे स्वतंत्रपणे लिहावे. चावी देतानाच भिंती, नळ, उपकरणे आणि वीजमीटरचे आकडे यांची छायाचित्रांसह यादी करून तिच्यावर दोघांनी सह्या कराव्यात, म्हणजे पुढे अनामत रकमेतील कपातीवरून भांडण होत नाही. भाड्याची पावती देणेही कायद्याने सक्तीचे आहे.

भाडे थकले म्हणून भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडणे कलम २९ नुसार शिक्षापात्र आहे. लायसन्सची मुदत संपूनही घर रिकामे झाले नाही, तर कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करावा. तेथे ताबा मिळतोच, शिवाय मुदतीनंतरच्या काळासाठी करारात ठरलेल्या मासिक लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते. अर्जासोबत नोंदणीकृत करार जोडलेला असणे मात्र आवश्यक आहे.