बंद पडलेली प्रीमियर पद्मिनी गाडी चालू करायचीये? आधी चावी बाजूला ठेवा
दांडिया बाजारात आमच्या वाड्यात आजोबांची पद्मिनी 14 वर्षं उभी होती, अशा गाडीला थेट सेल्फ (चावीनं फिरणारा स्टार्टर) मारू नका हो, इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, मग चौथ्या गिअरला टाकून हळूच ढकला. अडली तर जोर नको, अजून ऑइल टाका. जुनं पेट्रोल काढाच, आमचं वार्निशसारखं वास मारत होतं नि कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल जायच्या बारीक भोकात) पिवळा चिकट थर, तो तारेनं खरवडू नका, क्लीनर मारून हवेनं उडवा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे) पॉलिश पेपरनं घासा. नवं ऑइल, फिल्टर, रेडिएटरला पाणी. इग्निशन कॉइलची वायर काढून (म्हणजे ठिणगी पडणार नाही), प्लगशिवाय सेल्फ मारत ऑइलचा लाल दिवा विझू द्या, मगच प्लग लावा.