घरातलं कुंभारकाम पुढच्या पिढीच्या हातात कसं द्यायचं

घरात दोन-तीन पिढ्या चाक फिरतंय म्हटलं की सगळ्यांना वाटतं हे आपोआप पुढं जाणार, पोरं रोज बघतायत ना. नाही जात. आमचे आजोबा गेले तेव्हा मातीचं प्रमाण घरात सगळ्यांना पाठ होतं, दोन घमेली काळी, एक घमेलं लाल आणि दोन मुठी रेती. पण ते घमेलं कुठलं? जुनं कधीच गंजून भंगारात गेलं होतं, नवं आकारानं मोठं, आणि मूठ तर आजोबांची होती. पुढच्या दोन भट्ट्यांत निम्मी भांडी तडकली तेव्हा कळलं की आपल्याकडे प्रमाण नव्हतंच, नुसतं वाक्य होतं.

म्हणून पहिलं काम, वजनकाटा आणा. आणि मोठ्यांना "किती घालता" असं विचारू नका, ते "अंदाजानं" म्हणणार आणि ते खरंच असतं. त्यांना त्यांच्या पद्धतीनं घालू द्या, तुम्ही फक्त डब्याचं वजन आधी करा आणि नंतर करा, जो फरक येईल तो वहीत लिहा. असं चार-पाच वेळा केलं की आकडा दिसायला लागतो. माती कोरडी असतानाच मोजायची हं, ओल्या मातीत पाणी रोज वेगळं असतं, मग आकड्याला काही अर्थ राहत नाही.

मग त्या मातीच्या पट्ट्या करा आणि ओल्या असतानाच प्रत्येकीवर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ मारा. वाळल्यावर मोजा, भाजल्यावर परत मोजा. भाजून रेघ ८.८ सेंटीमीटर भरली तर तुमची माती १२ टक्के आकसते, म्हणजे तयार भांडं २० सेंटीमीटर उंच हवं असेल तर चाकावर साधारण २२.७ करावं लागेल. जुन्या माणसांच्या हातात हे बसलेलं असतं, "जरा मोठंच घे" एवढंच ते सांगतात, पण नवीन माणसाला तो "जरा" आकड्यात द्या.

भाजण्याचं पण तसंच. अनुभवी माणूस भट्टीच्या भोकातून रंग बघून सांगतो आता थांबव. त्यांच्या शेजारी बसा, ते "झालं" म्हणतील त्या क्षणी भट्टीचं तापमान दाखवणाऱ्या पायरोमीटरचा आकडा लिहा, किंवा आत कोन, म्हणजे शंकूसारख्या छोट्या कांड्या, ठेवा (हे कोन जर्मनीत हेरमान झेगर यांनी १८८६ च्या सुमारास काढले, ठरावीक उष्णतेला वाकतात, त्यामुळे नुसतं तापमानच नाही तर किती वेळ उष्णता मिळाली तेही कळतं). सुरुवात हळू का करायची हेही लिहा, १०० अंशांच्या आसपास मातीत उरलेल्या पाण्याची वाफ होते आणि जाड भांडं फुटतं, पुढं ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) एकदम फुगतं आणि गार होताना तिथंच परत आकसतं, म्हणून घाईनं भट्टी उघडली की टण्णकन तडा. कारण माहीत असलं की पोरं नियम पाळतात, नुसतं "असं करायचं नसतं" म्हटलं की विसरतात.

आता हाताचं. हे वहीत मावत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथंच द्यायला हवा. मोबाईलनं व्हिडिओ काढताना समोरून काढू नका, समोरून सगळं उलटं दिसतं, करणाऱ्याच्या खांद्यावरून काढा म्हणजे शिकणाऱ्याला आपलेच हात बघतोय असं वाटेल. दुसरा व्हिडिओ बाजूनं काढा, कोपर कुठं टेकवलंय, पाठ कशी आहे ते त्यात दिसतं. आणि एक गोष्ट नक्की करा. तेच भांडं पाच वेळा करायला लावा आणि दर वेळी पुढच्या टप्प्यावर थांबवून तारेनं उभं मधोमध कापा, गोळा मधोमध बसवल्यावर, भोक पाडल्यावर, भिंत पहिल्यांदा ओढल्यावर, असं. कापलं की भिंत खाली किती जाड, वर किती पातळ, सगळं उघडं पडतं. हे अर्धे तुकडे भाजून फळीवर मांडून ठेवा. आजीनं केलेला तुकडा नातीच्या बोटांत धरता येतो, व्हिडिओत ते नाही मिळत.

लहान मुलांना चाकावर बसवायची घाई नको. आधी माती मळू दे, चिमटीनं वाट्या करू दे, वाकड्या झाल्या तरी तुम्ही हात लावून सरळ करू नका, एकदा मोठ्यांनी दुरुस्त केलं की ते भांडं त्याचं राहत नाही. मूल डावखुरं असेल तर जबरदस्ती नको, इलेक्ट्रिक चाक बहुतेक वेळा दोन्ही दिशांना फिरतं, उलटं फिरवून बघा. आणि ज्याला करायचंच नाही त्याला भट्टीची वही सांभाळू दे, विक्री बघू दे, तेही घराचंच काम आहे.

काही गोष्टी मात्र पुढं द्यायच्याच नाहीत. जुन्या ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत लेपात, शिसं असायचं, घटक नीट माहीत नसलेलं ग्लेझ जेवणाच्या भांड्याला अजिबात लावू नका. आणि वाळलेली माती झाडूनं झाडायची सवय मोडा, त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते आणि ते नुकसान परत भरून येत नाही, ओल्या फडक्यानंच पुसा.

डिझाईन जसंच्या तसं ठेवायचं का, यावर घरोघरी भांडणं होतात. मला जपानमधल्या क्योतोच्या राकू या कुंभार घराण्याचं पटतं. साडेचारशे वर्षांच्या आसपास परंपरा, २०१९ मध्ये सोळाव्या पिढीनं नाव घेतलं. तिथं आधीच्या पिढ्यांनी साठवलेली माती पुढच्यांना मिळते, पण ग्लेझ ज्यानं त्यानं आपलं स्वतः शोधायचं. तुम्हीही हे करू शकता, चांगली माती सापडली की थोडी जास्त काढून ओली, झाकून ठेवा, मुरली की ती अजून लवचीक होते. आणि दर भट्टीतलं एक भांडं विकायचं नाही, तळाशी साल, मातीचं प्रमाण आणि करणाऱ्याचं नाव कच्चं असतानाच कोरायचं आणि बाजूला ठेवायचं. फुटलेलं असलं तरी चालेल, फक्त का फुटलं ते वहीत लिहा.