नाफिऑनच्या पटलात सिलिकाचे नॅनोकण मिसळताना

इंधनघटातील (हायड्रोजन व ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या साधनातील) नाफिऑन या पॉलिमरचे पटल सल्फॉनिक आम्लगटांभोवती साठलेल्या पाण्याच्या आधारे प्रोटॉन वाहून नेते. त्यामुळे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले आणि पटल कोरडे पडू लागले की त्याची वाहकता झपाट्याने घसरते. पाणी धरून ठेवणारे सिलिकाचे नॅनोकण मिसळणे हा त्यावरचा प्रयोगशाळेत सहज जमणारा उपाय आहे.

नाफिऑनच्या ५ टक्के द्रावणातील अल्कोहोल व पाणी मंद उष्णतेवर उडवून राहिलेला पॉलिमर डायमिथाइल असिटामाइडमध्ये विरघळवावा, कारण अल्कोहोलातून थेट वाळवलेल्या पटलाला तडे जातात. हे द्रावक विषारी असल्याने काम वाफा बाहेर खेचणाऱ्या धूरकपाटातच करावे. पॉलिमरच्या वजनाच्या ३ टक्के सिलिका त्याच द्रावकात अल्ट्रासॉनिक लहरींनी विखरून मगच द्रावणात मिसळावी. खरी कसोटी इथेच लागते: कणांच्या गुठळ्या झाल्या, तर त्या प्रोटॉनांची वाट अडवतात आणि पटल ठिसूळ करतात, म्हणून प्रमाण वाढवण्याच्या मोहापेक्षा विखुरण नीट साधणे माझ्या मते अधिक मोलाचे आहे. सल्फॉनिक गट जोडलेली सिलिका मिळाल्यास तीच घ्यावी.

मिश्रण समतल काचेवर ओतून ८० अंशांवर वाळवावे आणि नंतर सुमारे १३० अंशांवर तापवून स्थिर करावे. पुढे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, शुद्ध पाणी, सौम्य सल्फ्युरिक आम्ल आणि पुन्हा पाणी अशा क्रमाने, प्रत्येकात तासभर गरम ठेवून, पटल धुवावे.

वाहकता मोजताना त्याच पद्धतीने ओतलेले बिनसिलिकाचे पटल तुलनेसाठी घ्यावे. बाजारातील तयार पटलाशी केलेली तुलना फसवी ठरते.