साठीनंतर स्मार्टवॉच आणि एआयच्या सल्ल्याने व्यायाम करताय? या चुका टाळा

ठाण्यात तलावपाळीला किंवा उपवनला सकाळी फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांच्या मनगटावर आता स्मार्टवॉच दिसतं. बहुतेकदा मुलांनीच घेऊन दिलेलं. फोनमधलं एआय रोज सांगतं, आज इतकं चाला, नाडी इथपर्यंत न्या. या वयात कुणीतरी रोज पाठीशी लागतंय हे चांगलंच. घोटाळा होतो तो त्याला अर्धीच माहिती दिल्यामुळे.

सर्वांत धोक्याची चूक गोळ्यांच्या बाबतीत होते. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशा रक्तदाब-हृदयविकारावरच्या बीटा ब्लॉकर गोळ्या नाडीचा वेग फारसा वाढू देत नाहीत. अ‍ॅपला ते ठाऊक नसतं. अनेक अ‍ॅप '२२० वजा वय' या ढोबळ सूत्रावर चालतात, म्हणजे पासष्टीच्या माणसाची कमाल नाडी १५५. मग येऊरचा चढ चढताना धाप लागली तरी घड्याळ म्हणतं, 'हलका व्यायाम', आणि आजोबा वेग वाढवतात. तो आकडा सोडून द्या. चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम मध्यम व्यायामाला पुरतो. तुमची मर्यादा डॉक्टरांना विचारा आणि अ‍ॅपमध्ये स्वतः भरा.

नाडी अचानक उसळलेली दिसली तर आधी पट्टा तपासा. तो सैल असेल तर सेन्सर पावलांचा ठेकाच नाडी म्हणून मोजू शकतो. मनगटाच्या हाडाच्या थोडं वर, घट्ट बांधा. शंका आली तर थांबून बोटांनी नाडी मोजा.

एआयने चूक दाखवावी म्हणून फोनच्या कॅमेऱ्यासमोर उठाबशा काढताना साडी किंवा ढगळ लेंगा असेल, तर गुडघा नेमका कुठे आहे याचा एआय नुसता अंदाज बांधतं. अंगालगत कपडे घाला, फोन कमरेच्या उंचीवर ठेवा, चांगल्या उजेडात कडेने उभे राहा. शेजारी भिंतीला टेकवलेली खुर्ची हवीच.

गुडघ्याचा एमआरआय रिपोर्ट चॅटबॉटला देऊन 'फाटलंय' हे वाचून चालणं बंद करणारेही आहेत. हे फार वाईट वाटतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पन्नाशीपुढच्या ज्यांच्या गुडघ्याची गादी फाटलेली दिसली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात काहीच दुखलं नव्हतं. रिपोर्टबरोबर गुडघाही फिजिओथेरपिस्टला दाखवा.

फक्त पावलं मोजणंही अपुरं. पासष्टीपुढे आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम जागतिक आरोग्य संघटना सुचवते. एआयकडून तक्ता बनवून घेताना हे दोन्ही मागून घ्या. गोळ्या, जुनी शस्त्रक्रिया, पूर्वी कधी पडला असाल तर तेही सांगा.

आणि छातीत दाटलं, चक्कर आली, तर घड्याळाचा ईसीजी पाहत बसू नका. त्यात हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. जागीच बसा आणि १०८ ला फोन करा.