मुलांना शाळेबद्दल बोलतं कसं करावं

पुण्यात सहकारनगरमध्ये मी पाळणाघर चालवते. शाळा सुटली की मुलं आधी माझ्याकडे येतात, आईबाबा संध्याकाळी ऑफिसातून न्यायला येतात. वर्गात कोणाची कोणाशी कट्टी झाली, कोणाला बाहेर उभं केलं, हे दुपारभर रंगवून सांगणारं मूल संध्याकाळी बाबांनी विचारलं की ‘काही नाही’ म्हणतं आणि गाडीवर जाऊन बसतं. मग पालक मला विचारतात, ‘काकू, आमच्याशी का बोलत नाही हो हा?’ त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. हे सगळं साधारण पहिली ते सातवीच्या मुलांसाठी.

पहिलं काम: खायला द्या

हातपाय धुऊन काहीतरी गरम पोटात जाईपर्यंत एकही प्रश्न नको. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश राज्य सरकारने २०२४ मध्ये काढला, पण पाचवीपासून पुढची सकाळच्या शाळेची मुलं अजूनही अर्धवट झोपेत व्हॅनमध्ये चढतात. दुपारी ती दमलेली आणि भुकेली असतात.

दुसरं: प्रश्न छोटा करा

‘आज शाळेत काय झालं?’ या प्रश्नात अख्खा दिवस येतो. त्यातलं काय निवडून सांगायचं हे सात वर्षांच्या मुलाला कळत नाही, म्हणून ते ‘काही नाही’ म्हणतं. मधल्या सुट्टीत कोणाच्या डब्यात काय होतं, शेजारी कोण बसलं होतं, ऑफ तासाला कोणत्या टीचर आल्या, व्हॅनमध्ये खिडकी कोणाला मिळाली, असं विचारा. दिवसाला एकच प्रश्न पुरतो. डब्याचा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण डबा कोणाबरोबर खाल्ला हे त्यात आपोआप येतं आणि मैत्रीची खबर तिथेच लागते.

डबा संपवला का, टेस्टमध्ये किती मिळाले, डायरीत रिमार्क आहे का, ही चौकशी झाली. ती करायलाच हवी, पण गप्पांच्या वेळी नको. दप्तर भरताना करा.

तिसरं: समोर बसवू नका

मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, तळजाई टेकडीवर चालताना मुलं बोलतात, कारण तेव्हा कोणी त्यांच्या तोंडाकडे बघत नसतं. गाडीवर मागे बसवून विचारायची सवय मात्र सोडा. सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये हेल्मेटमधून तुम्हाला काही ऐकू येत नाही. मूल दोनदा सांगतं आणि नाद सोडतं.

चौथं: मूल सांगायला लागलं की काय करायचं

खरी कसोटी इथे आहे. मुलांशी बोलण्याबद्दलचे बरेच सल्ले प्रश्न कसा विचारायचा यावरच संपतात. उत्तर आलं की आपण काय करतो, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मलाही सगळ्यांत उशिरा जमलं ते हेच.

तिसरीतली एक मुलगी माझ्याबरोबर मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, ‘काकू, मला ना कोणी खेळायला घेतच नाही.’ मी सोलत राहिले. ‘घेत नाहीत?’ एवढंच म्हटलं. दोन-तीन शेंगा झाल्या. मग म्हणाली, ‘आमचे बाक बदलले ना.’ मी ‘हं’ म्हटलं. पुन्हा शेंगा. मग हळूहळू सगळं आलं: बाक बदलल्यावर तिची मैत्रीण दुसऱ्या रांगेत गेली, तिला तिथे नवीन शेजारीण मिळाली आणि आता त्या दोघी मधल्या सुट्टीत एकत्र पळतात. ‘कोणी’ म्हणजे ती एकच मैत्रीण होती.

संध्याकाळी आईला तिने तेच पहिलं वाक्य सांगितलं. आई काळजीने घाबरली. ‘कोण घेत नाही? नाव सांग. टीचरना सांगितलंस का? तू आधी काही बोलली असशील.’ मुलगी म्हणाली, ‘जाऊ दे.’ त्या आईचं प्रेम कुठेही कमी नव्हतं. पण चार वाक्यांत मुलीला कळलं की हे सांगितलं तर घरात धावपळ होते आणि शेवटी विषय आपल्यावरच येतो.

म्हणून मूल बोलायला लागलं की हातातलं काम थांबवू नका. चेहरा बदलू देऊ नका. त्याचेच शेवटचे दोन शब्द परत म्हणा आणि थांबा. ही शांतता मोठ्यांना सोसत नाही, आपण ती भरायला जातो. भरू नका, मूल आतल्या आत पुढचं जुळवत असतं.

‘मग तू काय केलंस?’ हे तर मुळीच विचारू नका. आपल्याला ते साधं वाटतं, मुलाला आरोप वाटतो. ‘त्यात काय एवढं’ आणि ‘आमच्या वेळी तर’ हेही नको. सगळं सांगून झालं की एवढंच विचारा, ‘यात मी काही करायला हवंय का?’ बहुतेक वेळा उत्तर ‘नको’ असतं. रोजच्या रुसव्याफुगव्यात ते पाळा.

आणखी एक गोष्ट मी पालकांना हात जोडून सांगते. मुलाने सांगितलेलं त्याच्या देखत आजीला फोनवर सांगू नका, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कधीच टाकू नका. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला वर्गात ‘तुझ्या आईने ग्रुपवर टाकलं’ म्हणतंच. ते मूल पुन्हा घरी सांगायला धजावत नाही.

‘मुलांचे मित्र बना’ हा सल्ला मला पटत नाही. मित्र त्याला वर्गात आहेत. घरी त्याला असं मोठं माणूस हवं असतं, जे ऐकून डगमगत नाही.

काहीच बोलत नसेल तर

काही मुलं मुळातच कमी बोलतात, त्यांना खोदू नका. लक्ष मात्र ठेवा: डबा रोज तसाच परत येतो का, सोमवारी सकाळीच पोट दुखतं का, आवडीच्या व्हॅनमध्ये चढायला अचानक नको म्हणतं का. तुमच्या ऑफिसात आज काय बिनसलं ते साध्या शब्दांत सांगा, तेवढ्याने पुष्कळ मुलं मोकळी होतात.

गंभीर निघालं तर

मारहाण, पैसे मागणं, रोजचा छळ, नको तिथे हात लावणं, यांपैकी काहीही कानावर आलं तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘सांगितलंस ते फार बरं केलंस, आता हे मोठ्यांनी बघायचं’ एवढं म्हणा. मुलाचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहून ठेवा. तेच तेच पुन्हा वदवून घेऊ नका.

शिक्षकांनी मारणं किंवा मानसिक त्रास देणं याला शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने बंदी आहे. आधी वर्गशिक्षिकांना भेटा, मग मुख्याध्यापकांना लेखी द्या. लैंगिक त्रासाची शंका असेल तर शाळेच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर मोफत आहे आणि रात्रीही चालू असतो.

तुम्ही तक्रार घेऊन शाळेत जाण्याआधी मुलाला सांगा, कोणाला भेटणार आणि काय बोलणार. आल्यावर काय ठरलं तेही त्याच दिवशी सांगा, उत्तर मनासारखं मिळालं नसलं तरी.